झीनसाठी वेगळा आकार, वेगळा कागद, वेगळं पॅकिंग... आयडिया कुठून घेता? (सोलापूर)

पूर्वभागची_पोर

नमस्कार सगळ्यांना. मी सोलापूरची, पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत वाढलेली. आमच्या भागातल्या मागांविषयी एक झीन (आपणच छापून वाटायची छोटी पुस्तिका) करतेय, मजकूर झालाय जवळपास सगळा. आजोबा हातमागावर होते, आजी आधी कांड्या भरायची (कांडी म्हणजे बाण्याचा धागा गुंडाळायची छोटी नळी) आणि नंतर घरी विड्या वळायची, त्यांच्या आणि गल्लीतल्या बाकीच्यांच्या आठवणी, मागाचे पार्ट आणि त्यांची आमच्याकडची नावं, अर्धी तेलुगू अर्धी मराठी, काही फोटो, काही मी काढलेली चित्रं. ए५ साइजची २४ पानं होतात. मराठी आणि तेलुगू दोन्हीत करायचंय कारण घरातली मोठी माणसं तेलुगूच वाचतात आणि माझ्या वयाची बरीच पोरं तेलुगू बोलतात पण वाचता येत नाही.

आता अडलंय ते असं की झेरॉक्स मारून मधे दोन पिना ठोकल्या की ते कुठल्याही क्लासच्या नोट्ससारखं दिसतंय आणि मला ते हातात घेतल्याबरोबर वेगळं वाटायला हवंय. पिंटरेस्टवर बघितलं तर सगळीकडे तेच, वाशी टेप (नक्षीची कागदी चिकटपट्टी), ब्राऊन पेपर, सुतळी, सुकलेलं फूल. छान दिसतं पण त्याचा पूर्व भागाशी काय संबंध ते कळत नाही. तर तुम्ही लोकं फॉरमॅट, मटेरियल, पॅकिंगच्या आयडिया कुठून घेता? ६० कॉप्या करायच्यात, एका कॉपीला ४० रुपयांपर्यंत खर्च जमेल. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो तेव्हा वाटायचंय, काही कॉप्या पुण्या-मुंबईला पोस्टाने जातील. सांगा प्लीज, लांबलचक लिहिलं तरी चालेल.

कागदकात्री

विषय फार आवडला, त्यामुळे लांब लिहितोय.

पहिलं म्हणजे बघायचंच असेल तर झीनचे फोटो बघण्यापेक्षा ज्यांनी अंक म्हणजे काय हाच प्रश्न विचारला त्यांचं काम बघ. अमेरिकेत फिलिस जॉन्सन नावाच्या बाईने १९६५ ते १९७१ मधे ॲस्पेन नावाचं मासिक काढलं, दहाच अंक निघाले. ते बांधलेलं नव्हतंच, खोक्यात यायचं. आत सुटी पत्रकं, पोस्टर, छोट्या पुस्तिका, वाजवायच्या पातळ रेकॉर्ड. तिसरा अंक अँडी वॉरहोलने केला, त्याचं खोकं कपडे धुवायच्या पावडरच्या डब्यासारखं. १९६७ च्या ५+६ या जोडअंकाचं खोकं पांढरंशुभ्र, आत सुपर ८ या घरगुती कॅमेऱ्याच्या फिल्मचं रीळसुद्धा होतं. उबूवेब नावाच्या साइटवर सगळे अंक फुकट बघायला मिळतात, एक रात्र काढ त्याच्यात. आणि हो, तिकडच्या पोस्टाने त्यांची मासिकांची सवलत काढून घेतली होती, त्यामुळे तू पोस्टाने पाठवणार असशील तर पॅकिंग ठरवायच्या आधी पोस्टाचा विचार कर, नंतर नाही.

दुसरं म्हणजे आपल्याकडचं. मराठीत साठच्या दशकात अनियतकालिकं, म्हणजे ठरलेल्या तारखेला न निघणारे छोटे अंक निघाले, त्याच्याही आधी पन्नासच्या दशकात 'शब्द' नावाचं अनियतकालिक सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून हाताने प्रती काढायचं मशीन) करून काढलेलं होतं, त्या लोकांनी परवडेल त्या मशीनवर, मिळेल त्या कागदावर काम केलं आणि तोच त्या अंकांचा चेहरा झाला. त्याच्याही मागे गेलीस तर पोथी आहे, आडवी सुटी पानं, वर खाली लाकडी फळी, वरून कापड. व्यापाऱ्यांची लाल कापडातली वही आहे, जिच्यात रेघा मारायच्या ऐवजी पानाला उभ्या घड्या घालून रकाने पाडायचे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद कापडात बांधून ठेवलेत आणि त्या गाठोड्याला रुमालच म्हणतात. सावंतवाडीची गंजिफा आहे, गोल पत्ते आणि त्यांची रंगवलेली पेटी. पिंगुळीच्या चित्रकथींची सुटी चित्रं आहेत, एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगायची. ह्यातलं काहीही झीन होऊ शकतं आणि ह्यातलं काहीही पिंटरेस्टवर त्या शब्दाने सापडणार नाही.

माझी पद्धत अशी आहे की आधी मजकुराला विचारायचं तू वाचला कसा जाणार. क्रमाने? कुठूनही उघडून? दोघांनी मिळून? एकाने मोठ्याने? आकार त्याच्यातून निघतो. तुझा मजकूर दोन भाषांचा आहे आणि एका घरातली दोन माणसं तो दोन बाजूंनी वाचणार, इथूनच सुरू कर.

धोटा_धावतोय

ओ ताई, तुमी पूर्व भागात राहून पिंटरेस्ट कशाला बगायलाव? आमचं घर तीन पिढ्या मागावर हाय म्हणून सांगतो, तुमच्या गल्लीतच सगळं हाय.

जकार्डची, म्हंजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राची कार्डं बगा. पुठ्ठ्याची भोकं पाडलेली पट्टी. एक कार्ड म्हंजे बाण्याचा (आडवा) एक धागा. भोक असलं तिथं सुई आत जाती, हूक वर उचलला जातो, ताण्याचा (उभा) तो धागा वर येतो, भोक नसलं तर धागा खालीच राहतो. असली शेकड्याने कार्डं दोरीने एकमेकाला ओवून माळ करत्यात आणि ती मागावर फिरत राहती. ही माळ घडी घालून ठेवली तर आपोआप एकावर एक बसती, वर खाली वर खाली. झीनवाले ज्या घडीला अकॉर्डियन का काय म्हणत्यात ती हीच की ओ. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलंय, जुनी कार्डं पडून हायत नाहीतर भंगारात चाल्लीत. कारखानदाराला नीट सांगून मागितली तर देतेत, झीनमधी त्यांच्याकडून घेतली म्हणून लिवा, त्यांना बी बरं वाटंल.

आता कार्डावर छापायला जाऊ नका, तेलाचे डाग असत्यात, भोकं असत्यात, अक्षर बसत न्हाई. दोन गोष्टी करता येत्यात. एक म्हंजे आठ-दहा कार्डाची माळ तशीच ठेवायची आणि त्याच्या पाठीवर कागदाची पट्टी चिटकवून त्याच्यावर मजकूर. दुसरं म्हंजे कार्ड नुसतं कागदावर धरायचं आन् स्पंजाने शाई थापायची, भोकाभोकातून ठिपके उमटत्यात. खऱ्या डिझाइनचे ठिपके, कंप्युटरवर काढलेले न्हाईत. प्रत्येक कॉपीला वेगळं कार्ड घेतलं तर प्रत्येक कव्हर वेगळं. पण एवढं लिवा की दहा कार्डं म्हंजे चादरीवर बोटाच्या रुंदीएवढं बी कापड होत न्हाई. लोकांना कळू दे एका मोराला किती कार्डं लागत्यात ते.

आणि कांडीचं बगा. रिकाम्या कांड्या ढिगाने मिळत्यात. लांब कागदाची पट्टी कांडीवर गुंडाळायची, वाचणारा उलगडत जाईल. तुमच्या आजी कांड्या भरायच्या म्हणला ना, मग त्यांची गोष्ट कांडीवरच पायजे. माझं तर म्हणणं सगळ्यात भारी हेच हुईल.

निळीशाई

धोटा भाऊंचं कांडीचं ऐकून अंगावर काटा आला खरंच. एक सांगते, पट्टीसाठी कुणी दुकानातल्या बिलाचा थर्मल रोल सुचवेल कारण तो आयता पट्टीचा मिळतो आणि छोट्या प्रिंटरवर लगेच छापता येतो, तो अजिबात घेऊ नका. थर्मलची छपाई उष्णतेनेच उमटते आणि उष्णतेनेच बिघडते, सोलापूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली पट्टी पुढे वाचता येईलच असं नाही. साध्या कागदावर झेरॉक्स काढून पट्ट्या कापून जोडा.

मी छापखान्यांबद्दल सांगते कारण मला वाटतं आपण त्यांच्याकडे फक्त लग्नपत्रिका म्हणून बघतो. ज्या प्रेसमधे पावती पुस्तकं छापतात तिथे काय काय मशीन असतात ते एकदा नुसतं उभं राहून बघा. परफोरेशन असतं, म्हणजे फाडायची टिंबटिंब रेघ. नंबरिंग असतं, एकेका पानावर पुढचा पुढचा आकडा पडत जातो. डाय पंचिंग असतं, म्हणजे साच्याने कागद हव्या त्या आकारात कापणं. आणि बिलबुकाचा तो कार्बन न लावता उमटणारा कागद असतो, वर पांढरा मधे गुलाबी खाली पिवळा, वर लिहिलं की खाली आपोआप उमटतं.

आता झीन पावती पुस्तकाच्या आकाराचं असेल तर? डाव्या बाजूला स्थळप्रत, उजव्या बाजूला फाडून द्यायची पावती, मधे टिंबांची रेघ, प्रत्येक पानाला नंबर. पावतीवर एकेका माणसाची आठवण. वाचणाऱ्याने ती फाडून दुसऱ्याला द्यायची, आणि स्थळप्रतीवर कोणाला दिली ते लिहायचं. रथाच्या गर्दीत वाटणार आहात ना, तिथे वर्गणीची पावती सगळ्यांच्या ओळखीची असते, माणूस हात पुढे करून घेतोच. झीन हळूहळू रिकामं होत जाईल आणि स्थळप्रतींमधून ते कुठे कुठे पोचलं त्याची यादी तयार होईल. हे मला स्वतःला करायचंय कधीचं पण माझ्याकडे त्याला शोभेल असा मजकूर नाही, तुमच्याकडे आहे.

प्रेसवाल्यांना कमी कॉप्यांचं काम परवडत नाही हे खरं. पण नुसतं परफोरेशन आणि नंबरिंग करून द्या, छपाई मी करून आणते असं म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात, सकाळी गर्दी नसताना जा.

दाभण

सगळ्यांच्या आयडिया उत्तम आहेत आणि तरीही मला थोडं थांबवावंसं वाटतंय.

हे झीन नक्की कोणाच्या हातात जाणार आहे? तुम्ही स्वतः लिहिलंय की तेलुगू बाजू मोठी माणसं वाचणार. सत्तरीच्या माणसाला कांडीवरची पट्टी धरून वाचता येणार नाही, ती सुटते, परत गुंडाळायला दोन हात लागतात, चष्मा सावरायला तिसरा लागतो. एका ए४ ला घड्या घालून मधे एक काप मारून आठ पानांचं छोटं झीन होतं ते सगळ्यांचं लाडकं असतं पण ते ए७ होतं, ७४ बाय १०५ मिलिमीटर, त्यात १४ पॉइंटात तेलुगू बसवून दाखवा. बसणार नाही. तेलुगूला वर खाली जागा जास्त लागते, वत्तुलु, म्हणजे जोडाक्षरातली खालची अक्षरं, खाली लटकतात, ओळी दाट केल्या की एकमेकांत घुसतात.

दुसरं असं की जकार्डचं कार्ड, कांडी, विडीचं बंडल ह्या लोकांच्या कामाच्या वस्तू आहेत. त्या झीनला लावल्या की पुण्या-मुंबईच्या वाचकाला गोड वाटतं. पण ज्या बाईने आयुष्यभर रोज विड्या मोजून दिल्या तिला विडीच्या बंडलासारखं बांधलेलं झीन दिलं तर तिला काय वाटेल ते तिलाच आधी विचारा. आवडेलही कदाचित. पण विचारल्याशिवाय करू नका. मला वाटतं वस्तू तेव्हाच वापरावी जेव्हा ती मजकुराचं काहीतरी काम करतेय. धोटा भाऊंनी सांगितलेलं कार्डाने ठिपके उमटवणं हे काम करतंय, कारण त्यातून माग कसा चालतो तेच कळतं. पावती पुस्तक पण काम करतंय. नुसतं सुतळीला रिकामी कांडी लटकवणं हे सजावट झाली.

आता तुमच्या विषयात एक आकार सरळ समोर पडलाय आणि कोणी बोललं नाही. आपली जकार्ड चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. एका बाजूला जमीन (नक्षीमागचा रंग) लाल आणि मोर पांढरा, तर उलट्या बाजूला जमीन पांढरी आणि मोर लाल. डिझाइन तेच, रंगांची अदलाबदल. मग झीन तसंच करा ना. एका बाजूने मराठी कव्हर, पालथं घालून फिरवलं की तेलुगू कव्हर, चित्र तेच, रंग उलटे. कोणतीच बाजू मागची नाही. घरातल्या दोघांपैकी कोणालाही पान उलटून "आपली भाषा शेवटी आहे" असं वाटणार नाही.

कागदकात्री

दाभण, चादरीचं वाचून मी उठून घरातली चादर उलटी करून बघितली. हेच करा. बाकी सगळं बाजूला ठेवा.

पूर्वभागची_पोर

मी दोन दिवस काही लिहिलं नाही कारण आजीला सगळं वाचून दाखवत होते. विडीच्या बंडलाचं विचारलं, ती नको म्हणाली, एकदम स्पष्ट. म्हणाली विड्या पोटासाठी वळल्या, त्यांची शोभा करायची नाही. कांड्यांचं मात्र तिला आवडलं, हातात घेऊन किती वेळ बसली होती.

चादरीचं पक्कं. पालथं घालून फिरवायचं, दोन कव्हरं, रंग उलटे, आणि कव्हरवर कार्डाने ठिपके उमटवायचे. गल्लीतल्या एका कारखान्यात विचारलं तर पोतंभर कार्डं द्यायला तयार आहेत, मीच थोडीच आणली. पावती पुस्तकाची आयडिया मी सोडत नाहीये, ती ह्या झीनमधे एकच पान म्हणून येईल, शेवटचं, म्हणजे मधलं... तिथेच गोंधळ होतोय. दोन्हीकडून सुरू होत असेल तर शेवट मधे येतो ना? तिथे काय ठेवू? आणि शिलाई कशी करू, पिना नकोच आहेत मला, गंजतात. कव्हरला जाड कागद कुठला? पॅकिंगचंही राहिलंच.

दाभण

पानांचं सांगतो. २४ पानं ए५ म्हणजे ए४ चे ६ कागद, मधे घडी. १ ते १२ मराठी सरळ, १३ ते २४ तेलुगू, पण फाइलमधे ती १८० अंशात फिरवलेली आणि उलट्या क्रमाने, म्हणजे तेलुगूचं पहिलं पान २४ व्या जागी. आधी साध्या कागदाचं डमी बांधून प्रत्येक पानावर पेनाने नंबर टाका, वरची बाजू कुठली त्याचा बाण काढा, मगच कंप्युटरला हात लावा. ६० कॉप्यांना ३६० कागद, एका रिमात (५०० कागद) झेरॉक्सवाल्याच्या बिघडलेल्या शीटसकट भागतं.

मधलं जोडपान, १२ आणि १३, तिथे दोन्ही भाषा समोरासमोर येतात, एक सरळ एक उलटी. तिथे मजकूर ठेवू नका. वरून काढलेला फोटो ठेवा, जो कुठूनही धरला तरी सरळच दिसतो. मागावर चढलेला ताणा वरून काढा, किंवा कांड्यांची टोपली. दोघं वाचणारे तिथे एकाच चित्राशी पोचतील.

शिलाई तीन भोकांची. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, मधल्या भोकातून सुई आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत, परत मधल्यातून बाहेर, आणि मधल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची टोकं आणून गाठ. दोरा बाहेरच्या बाजूला गाठ येईल असा घ्या, मागावरचाच सुती धागा दुहेरी-तिहेरी करून वापरला तर रंगीत टोकं बाहेर दिसतील. मेण लावून घ्या, नाहीतर ओढताना पिंजारतो.

कव्हरबद्दल एकच गोष्ट महत्त्वाची, कागदाचा ग्रेन. कागदातले तंतू एका दिशेने असतात आणि घडी त्या दिशेला समांतर हवी, आडवी पडली तर जाड कागद घडीवर तडकतो आणि कव्हर मिटून राहत नाही. ओळखायचं असं, छोटा तुकडा कापून एका बाजूला ओला करा, तो ज्या दिशेने नळीसारखा वळतो ती नळीची लांबी म्हणजे ग्रेन. आयत्या ए४ मधे तो बहुतेक लांब बाजूला असतो, म्हणजे ए५ पुस्तिकेसाठी नेमका उलटा. आतल्या पातळ कागदाला चालून जातं पण कव्हरसाठी मोठी शीट घ्या आणि ग्रेन बघून कापून मागा. शाईचे ठिपके उमटवायचे असतील तर चकचकीत कागद घेऊ नका, शाई वाळत नाही, पुसली जाते. पुण्याचा हातकागद सुंदर असतो, सुती चिंध्यांपासून करतात त्यामुळे तुमच्या विषयाला धरूनही आहे, पण ४० रुपयांत कव्हर आणि पॅकिंग दोन्ही बसवायचं तर मोजून घ्या, एका शीटमधे किती कव्हरं निघतात ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

निळीशाई

पॅकिंगचं मी सांगू? रथाच्या दिवशी हातात द्यायच्या कॉप्यांना पॅकिंगच नको. लोकांनी लगेच उघडायला पाहिजे. कागदाची दोन बोटं रुंद पट्टी फिरवा, तीच पावती करा, परफोरेशन मारलेली, नंबर घातलेली. फाडल्याशिवाय झीन उघडतच नाही, आणि फाडलेल्या अर्ध्यावर आपलं नाव आणि मागाची एक आठवण लिहून तुमच्याकडे परत द्यायची. पुढच्या अंकाचा मजकूर तिथेच जमा होईल. तुमचं मधलं पान पण मोकळं राहतं.

पोस्टाने जाणाऱ्यांना मात्र कापड. टॉवेलच्या कारखान्यात कडेला खराब झालेले, डाग पडलेले नॅपकिन वजनावर मिळतात, कागदकात्रींनी पेशव्यांच्या रुमालाचं लिहिलंय तसं त्याच्यात बांधा. पण ते गाठोडं तसंच पोस्टात टाकू नका, वरून सपाट लिफाफा, गाठ कडेला, फुगवटा आला की शिक्के मारताना फाटतं. आणि पोस्टात ज्ञान पोस्ट म्हणून आहे, १ मे २०२५ पासून, शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक पुस्तकांसाठी, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून सुरू. त्याच्यात छापणाऱ्याचं किंवा प्रकाशकाचं नाव पुस्तकावर लागतं, म्हणून आतल्या कुठल्यातरी पानावर स्वतःचं नाव छापाच. नॅपकिन घातल्यावर ते त्यात बसेल का ते एक कॉपी नेऊन काउंटरवर दाखवून विचारा, नाही बसलं तर नॅपकिन काढून त्याच कापडाची नुसती किनार गुंडाळा.

धोटा_धावतोय

नॅपकिन पायजे असतील तर मेसेज करा ताई, आमच्याकडं हायत, पैसे नकोत. फक्त मागाच्या पार्टची नावं छापायच्या आधी एकदा माझ्या वडलांना दाखवा. धोट्याला (बाण्याचा धागा इकडून तिकडं नेणारा) आन् फणीला तेलुगूत आमच्याकडं वेगळं म्हणत्यात आणि तुमच्या गल्लीत वेगळं, दोन्ही घाला.

पूर्वभागची_पोर

रविवारी सकाळी येते भाऊ, डमी घेऊन. आजी पण यायचं म्हणतेय.

धोटा_धावतोय

या की. दहाच्या आत या, नंतर माग सुरू झाला की एकमेकाचं ऐकू येत न्हाई.